पोरांना पोरं लागतात

"काय मस्त दिवस होते ना ते लॉकडाऊनचे! सगळे घरात, एकदम निवांत." परवा एका लग्नात जेवणाच्या पंगतीत हे पुन्हा कानावर पडलं. बोलणारे काका त्या काळात दूरदर्शनवर पुन्हा लागलेलं रामायण न चुकता बघत होते आणि चहा त्यांना जागेवर मिळत होता. त्यांना निवांत वाटणारच! काकूंना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या आणि पापड वाढून घेतला.

आमच्याकडे तेव्हा सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि मी. नाशिकच्या इंदिरानगरमधला दोन खोल्या-किचनवाला फ्लॅट. माझं अकाउंट्सचं काम घरून, म्हणजे किचनच्या ओट्यावरून. नवरा औषधांच्या होलसेलमध्ये, त्यामुळे २५ मार्च २०२०ला देश बंद झाला तरी त्याचं जाणं-येणं चालूच. तो आला की पोरं दाराकडे पळायची आणि मी किंचाळायचे, "हात लावू नका!" तीन वर्षांच्या पोराला काय समजणार? शेवटी मुलीनं चपलांच्या स्टँडपाशी खडूनं एक रेघ मारली. बाबा रेघेपलीकडे उभा राहून खिसे रिकामे करायचा, किल्ल्या, पाकीट, सुटे पैसे, मोबाइल सगळं एका जुन्या स्टीलच्या ताटलीत. धाकटा अलीकडे उभा राहून पहारा द्यायचा. "बाबा, चष्मा राहिला!" एकदा बाबा आंघोळ करून आला तरी हा त्याच्याजवळ जाईना, कारण साबणाचा वास येत नव्हता म्हणे. त्या दिवशी साबण बदलला होता.

आता गंमत वाटते. तेव्हा पोटात गोळा यायचा.

तरी आमचं बरंच बरं होतं, हे आधी सांगते. मुंबई-आग्रा हायवे आमच्या घरापासून फार लांब नाही. कसारा घाट चढून, डोक्यावर बोचकं आणि खांद्यावर पोर घेऊन माणसं त्या उन्हात चालत निघाली होती. १ मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला मजुरांसाठीची श्रमिक गाडी सुटली तोवर कित्येक जण पायीच पुढे गेले होते. घरात कोंडून घ्यायला आधी घर लागतं. त्यामुळे आमच्या कंटाळ्याचं मी फार कौतुक करणार नाही. पण मुलांचं त्या काळात नक्की काय गेलं, याबद्दल आपण चुकीचं बोलत आलो आहोत असं मला वाटतं.

सगळे म्हणतात, अभ्यास गेला. वाचन मागे पडलं, पाढे विसरले. ते खरंच आहे. माझी मुलगी वजाबाकीत हातचा घ्यायला विसरायची. पण वजाबाकी भरून निघाली. मला जास्त लागलं ते तिचं एक वाक्य. आम्ही सापशिडी खेळत होतो. तिची सोंगटी सापाच्या तोंडाशी आली, मी म्हटलं, असू दे, अजून एकदा टाक फासा. तिनं पटच उलटा केला. "तू मुद्दाम हरतेस. तुला नीट भांडताच येत नाही!"

आणि ते अगदी खरं होतं. मला भांडता येत नव्हतं. मी सहा वेळा दुधाचं बघून, एक मेल पाठवून, मग खेळायला बसलेली बाई. मला तो डाव जिंकण्यात काडीचा रस नव्हता. तिला हवं होतं तिच्याएवढंच खोटं बोलणारं, तिच्याएवढंच चिडणारं, कट्टी घेऊन संध्याकाळी पुन्हा बेल वाजवणारं कुणीतरी. आई शिक्षिका होऊ शकते, आचारी होऊ शकते, न्हावीसुद्धा होऊ शकते (धाकट्याचे तेव्हाचे फोटो मी कुणाला दाखवत नाही). आईला सवंगडी होता येत नाही. भावंडं होती की, असं कुणी म्हणेल. सात आणि तीन, यांच्यात खेळ होत नाही, राजा-प्रजा होते.

सासूबाईंचं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षवाले. त्या वर्षी ऐन हंगामात बाजार आणि वाहतूक अडली, माल बागेत लटकलेला. शेतकरी टेम्पो घेऊन थेट सोसायट्यांच्या गेटवर यायला लागले. मामांनी आमच्याकडे क्रेटच्या क्रेट पाठवली. खाऊन खाऊन किती खाणार? सासूबाईंनी मनुका घालायला काढल्या. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, द्राक्षं सोडायची, वर तरंगायला लागली की झाऱ्यानं काढायची आणि गच्चीत स्वच्छ धोतरावर पसरायची. राखणीला पोरं. मनुका किती झाल्या ते विचारू नका, अर्ध्या कच्च्याच पोटात गेल्या. धोतरावर पिवळे डाग पडले ते अजून आहेत.

पण त्या राखणीत एक झालं. शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक मुलगा यायचा, साधारण हिच्याच वयाचा. मधे रस्ता, दोन नारळाची झाडं. पहिल्या दिवशी नुसतं बघणं. मग कधीतरी दोघांनी नाव-गाव-फळ-फूल सुरू केलं, ओरडून! एकानं अक्षर सांगायचं, दुसऱ्यानं या गच्चीवरून त्या गच्चीवर बोंबलायचं. "म!" "मंगेश! मनमाड! मोसंबं! मोगरा!" खालच्या मजल्यावरचे आजोबा खिडकीतून चुका काढायचे. "ओझर चालेल, ओझर गावच आहे!" त्यानं 'ण' दिला म्हणून हिनं तीन दिवस कट्टी घेतली. रस्त्यापलीकडून घेतलेली कट्टी, तीही अंगठा उंच दाखवून. त्या तीन दिवसांत ती वैतागलेली होती, फणकारत होती, जेवताना नाक मुरडत होती, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. पोर ताळ्यावर आली होती.

ऑनलाइन शाळेत हे कुठून मिळणार? जुलै २०२०मध्ये केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' सूचना आल्या. बालवाडीला दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त नको, तेही पालकांशी बोलण्यापुरतं. पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं. आमच्या शाळेनं सूचना ग्रुपवर फॉरवर्ड केल्या आणि तासांची संख्या जिथल्या तिथे ठेवली. बाईंचाही नाइलाज असेल, त्यांच्या मागे त्यांचं मॅनेजमेंट. मुलांना मात्र एकमेकांशी बोलायची सोय नाही, सगळे म्यूट. धाकटा ते बघून शिकला. सासूबाई डोळे मिटून जप करत होत्या, ओठ हलत होते, तर हा म्हणतो, "आजी, तू म्यूटवर आहेस."

मग एकेक करून सगळं उघडलं, तो क्रमच बघा. दारूची दुकानं मे २०२०मध्ये. मॉल ऑगस्टमध्ये. देवळं दिवाळीत. दुसरी लाट आली, सगळं बंद, पुन्हा उघडणं. ऑक्टोबर २०२१मध्ये देवळं, थिएटरं, शहरांतल्या आठवी ते बारावीच्या शाळा. शहरांतल्या पहिली ते चौथीला परवानगी मिळाली १ डिसेंबर २०२१पासून, तीही ओमायक्रॉनच्या धास्तीत लांबत लांबत. जानेवारीत पुन्हा टाळं. माझ्या मुलीनं दुसरीत ठेवलेलं दप्तर चौथीत उचललं. रोगाची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही, २०२१चा एप्रिल नाशिककर विसरणार नाहीत. पण रांगेत सगळ्यात शेवटी लहान पोरं उभी राहिली आणि कुणी हू की चू केलं नाही. पोरांना मत नसतं, दुसरं काय.

आणि आता? बंदी केव्हाच उठली. आमच्या पार्किंगमध्ये मात्र संध्याकाळी शुकशुकाट. खेळायला जागा होती तिथे गाड्या वाढल्या, भिंतीवर पाटी लागली, "येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई". कुणाच्या तरी गाडीला चेंडू लागला होता. धाकटा आता घरात बसून हेडफोन लावून मित्राशी गेम खेळतो, आणि तो मित्र राहतो दुसऱ्या मजल्यावर. तेव्हा सरकारनं कोंडलं होतं. आता आपणच पोरांना क्लासमधून क्लासला नेऊन घरी आणून सोडतो, वर म्हणतो, आजकालची मुलं बाहेरच पडत नाहीत.

येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. पाच ते सात बी विंगसमोरच्या गाड्या रस्त्यावर लावायच्या आणि पाटी काढायची, असा विषय मी लेखी दिलाय. चेअरमन म्हणाले, "ताई, आधी लिफ्टचं बघू." तीन आया आणि एक आजोबा माझ्या बाजूनं आहेत. पोस्ट वाचणारे आमच्या सोसायटीतले कुणी असतील तर कृपया वेळेवर या, कोरम होत नाही म्हणून मागची मीटिंग रद्द झाली होती. ज्यांच्या गाडीला चेंडू लागला होता त्यांनीही या. ओरखड्याच्या पॉलिशचे पैसे मी देईन.