‘नवस’ या शब्दाबद्दल

मागच्या आठवड्यातल्या ‘अपडेटनंतर सर्व्हर उठेना’ या लेखावर ‘कर्नल पॅनिक’ (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, तो कोसळला की त्याला हे म्हणतात) असं टोपणनाव घेतलेल्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. तिला उत्तर देताना चौकट पुरेना, म्हणून इथे वेगळं लिहितोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात हकिगत. एका पतसंस्थेच्या जुन्या रॅक सर्व्हरवर मी प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीनं चालवणारी लिनक्सवरची प्रणाली) टाकलं. जवळ ८.१ या आवृत्तीची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची फाइल होती. इन्स्टॉलेशन बिनबोभाट झालं, सर्व्हर एकदा बंद होऊन नीट वर आला. मग सगळेच घेतात तसे अपडेट घेतले, रीस्टार्ट केला, आणि सर्व्हर काळ्या पडद्यावर इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट दाखवत बसून राहिला, म्हणजे मुख्य डिस्कपर्यंत न पोचता सुरुवातीच्या तात्पुरत्या प्रणालीतच अडकला. पुन्हा इन्स्टॉल, पुन्हा अपडेट, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी अपडेट घेतले नाहीत. तेव्हापासून तो चालू आहे.

आता प्रतिक्रिया, एकही शब्द न गाळता (त्यातला ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडून चालू करणारा बूटलोडर, बायोस म्हणजे त्याच्याही आधी चालणारं मशीनचं स्वतःचं सॉफ्टवेअर, आयओएमएमयूचं पुढे सांगतो):

“लेख वाचला. तीनदा इन्स्टॉल करून चाललं, याला ट्रबलशूटिंग नाही, नवस बोलणं म्हणतात. अपडेटमध्ये ६.८ कर्नल आला. त्यात इंटेलचं आयओएमएमयू मुळातच चालू असतं आणि जुन्या बायोसच्या मशीनवर त्याचा त्रास होऊ शकतो, हे ८.२ च्या रिलीज नोट्समध्येच लिहिलंय. जुना ६.५ कर्नल ग्रबच्या मेनूत तसाच पडून होता. तो निवडला असता तर पुन्हा इन्स्टॉल करावंच लागलं नसतं. नाहीतर इंटेल आयओएमएमयू ऑफ लिहून बघायचं, दोन मिनिटांचं काम. ८.२ मार्चमध्ये नाही, एप्रिलमध्ये आली. आणि अपडेट न घेतलेला सर्व्हर पतसंस्थेत चालवणं हा उपाय नव्हे.”

आधी चूक कबूल करतो, म्हणजे मला चुका मान्य नसतात असं कुणी म्हणायला नको. ८.२ ही आवृत्ती २४ एप्रिल २०२४ ला आली. मी मार्च लिहिलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. धन्यवाद.

आता ‘नवस’.

कर्नलसाहेब (टोपणनाव तुम्हीच असं घेतलंय की मला दुसरं काही म्हणता येत नाही), तुम्ही नवस कधी बोललायत का? माझ्या आजीने बोललेले मी पाहिलेत. नवसात आधी मागणं असतं, मग वाट बघणं असतं आणि काम झालं की फेडणं असतं. न फेडलेल्या नवसाची तिला जेवढी धास्ती होती तेवढी तुम्हाला बॅकअप नसलेल्या डिस्कची असेल. मी त्या रात्री कुणाकडे काही मागितलं नाही आणि कुणाचं काही देणं लागत नाही. मी पेनड्राइव्ह लावला, डिस्क पुसली, पुन्हा इन्स्टॉल केलं. याला हमाली म्हणा, मी ऐकून घेईन. नवस म्हणू नका.

त्या खोलीत नारळ फुटला होता हे खरं आहे. पतसंस्थेच्या अध्यक्षांनी सकाळीच रॅकपुढे फोडला, आणि खोबऱ्याचा एक तुकडा यूपीएसच्या मागे गेला तो मला रात्री सापडला. पण हे मी लेखात लिहिलेलं नव्हतं, तेव्हा तुमचा टोमणा त्यावरून सुचला असं मी धरत नाही.

मुद्दा असा की तुम्ही हे वाक्य सकाळी चहा पिताना लिहिलंय. तुमच्या प्रतिक्रियेवर वेळ आहे सव्वानऊची. मी ज्या वाक्याबद्दल टोमणा खातोय ते वाक्य जगलो तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. खोलीत एसी होता, तो सर्व्हरसाठी. माणसासाठी प्लॅस्टिकची खुर्ची होती. संस्थेचा शिपाई बाहेर बाकावर झोपला होता आणि दर अर्ध्या तासाने उठून “झालं का हो साहेब?” विचारत होता. सकाळी दहाला काउंटर उघडणार होता. पिग्मी एजंट आपली मशीनं घेऊन त्याच्याही आधी येतात. पडद्यावर ‘व्हॉल्यूम ग्रुप पीव्हीई सापडत नाही’ अशा अर्थाची ओळ होती (प्रॉक्समॉक्स डिस्कवर स्वतःसाठी जी जागा आखतो तिचं हे नाव). म्हणजे बूटलोडर ठीक, कर्नल आला, पण त्याला डिस्कच दिसत नव्हती. हे मला कळलं नव्हतं असं तुम्ही गृहीत धरलंय. मला ते बघताक्षणी कळलं होतं. लेखात लिहिलं नाही, कारण लेख आधीच लांबला होता.

आता तो ग्रबचा मेनू. तुम्ही म्हणता जुना कर्नल तिथे पडून होता. होता, नाही कोण म्हणतं? पण तो मेनू पाच सेकंद दिसतो. आमचा सर्व्हर स्वतःची मेमरी मोजतो, रेड कार्ड (डिस्क ज्याला जोडलेल्या असतात ते) जागं करतो, नेटवर्कवरून बूट होता येईल का हे उगाच विचारून येतो आणि मग कुठे ग्रबपर्यंत पोचतो. तोवर चार-पाच मिनिटं गेलेली असतात. त्यात रॅकमधला मॉनिटर कुठल्या तरी क्लार्कच्या टेबलावरून उचलून आणलेला, सिग्नल बदलला की आधी काळा होतो, मग स्वतःचं बोधचिन्ह दाखवतो, मग चित्र. ते चित्र येईपर्यंत पाच सेकंद संपलेले. मी दोनदा बाण दाबत बसलो. दोन्ही वेळा हुकलं. तिसऱ्यांदा पुन्हा पाच मिनिटं वाट बघायची की पेनड्राइव्ह लावायचा? मी पेनड्राइव्ह लावला. ज्यांच्या घरी व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत ग्रब अर्ध्या सेकंदात येतो त्यांना हे सांगून पटणार नाही.

(इतर वाचकांसाठी: ग्रब दिसला की त्यातली ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ ही ओळ निवडायची, आत मशीनवरचे सगळे कर्नल दिसतात. जुना निवडून एंटर. मेनू हुकत असेल तर पीसीवर मॉनिटर जागा झाल्यापासून खाली जाणारा बाण टकटक दाबत राहावा, एकदा कळ लागली की उलटी मोजणी थांबते. हे मला माहीत आहे. माहीत असणं आणि पावणेदोन वाजता जमणं या दोन गोष्टी आहेत.)

आता थोडं माझ्याबद्दल, कारण तुम्ही ते आणायला लावलंत.

कर्नलसाहेब, मी या कामात २००१ पासून आहे. तेव्हा ग्रब नव्हे, लिलो असायचा. तो सुरू होताना आपल्या नावाची अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटवायचा, आणि अडकला तर जिथे अडकला तिथली अक्षरं तेवढी दिसायची. त्यावरून कुठे अडलंय ते ओळखायचं. एका छापखान्याच्या मशीनवर माझ्यापुढे ‘एल’ आणि ‘आय’ येऊन थांबले. नुसते ‘लि’. पुढचा ‘लो’ नाही. मोबाईल नव्हता, मशीनवर इंटरनेट नव्हतं, जवळचा सायबर कॅफे तासाला चाळीस रुपये घ्यायचा आणि नऊला शटर ओढायचा. माझ्याकडे होतं एक छापील मॅन्युअल. त्यात लिहिलं होतं की ‘लि’वर थांबला म्हणजे दुसरा टप्पा मेमरीत आला पण चालवता आला नाही, बहुधा डिस्कची भूमिती जुळत नाही. मी विचार केला, ही डिस्क आली कुठून? मालकांनी दुसऱ्या मशीनमधून काढून आणली होती. त्या मशीनच्या बायोसमध्ये डिस्क एलबीए मोडवर होती, या मशीनमध्ये लार्जवर. डिस्क तीच, पण दोन बायोस तिचे सिलिंडर आणि हेड वेगवेगळे मोजत होते. बायोसमध्ये एक शब्द बदलला आणि मशीन उभं राहिलं. काही पुसलं नाही, काही पुन्हा टाकलं नाही. अर्धा तास लागला. मालकांनी वीस रुपये जास्त दिले.

त्यानंतर १०२४ सिलिंडरची मर्यादा झाली. साधारण ८.४ जीबीच्या पलीकडे ठेवलेला कर्नल जुन्या बायोसला वाचता यायचा नाही, म्हणून डिस्कच्या सुरुवातीला बूटसाठी वेगळं छोटं पार्टिशन करायचं. मग डिस्कचे भाग मांडायच्या पद्धतीत एमबीआरचं जीपीटी झालं, बायोसचं यूईएफआय झालं. प्रत्येक वेळी नवं शिकलो. कुणी सर्टिफिकेट दिलं म्हणून नव्हे, सकाळी दहाला काउंटर उघडायचा असतो म्हणून. तेव्हा मला कारण शोधता येत नाही असं सुचवण्याआधी जरा थांबायला हवं होतंत. तेवीस-चोवीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

आणि आता तुमच्या उरलेल्या मुद्द्यांकडे, थोडक्यात.

आयओएमएमयूबद्दल तुम्ही जे म्हणता ते ऐकून आहे. सोपं करून सांगायचं तर रेड कार्डासारखं उपकरण मेमरीत थेट लिहितं-वाचतं, त्याच्यावर राखण ठेवणारा हा भाग. कुणाला मेमरीचा कुठला तुकडा मोकळा, याचा तक्ता बायोस कर्नलच्या हातात देतो. जुन्या बायोसचा तक्ता चुकीचा असला तर राखणदार घरच्याच माणसाला दारात अडवतो. कार्ड अडलं की डिस्क दिसत नाही, डिस्क नाही म्हणून व्हॉल्यूम ग्रुप नाही, आणि मग इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट. ६.५ पर्यंत हा राखणदार बोलावल्याशिवाय येत नव्हता, ६.८ पासून प्रॉक्समॉक्समध्ये तो न बोलावता हजर असतो. पडद्यावर डीएमएआर (त्याच तक्त्याचं नाव) असं काहीतरी लिहिलेल्या दोन-तीन ओळी होत्या, त्या मी पाहिल्या होत्या. फोटोही काढला होता, हलला. असो. शक्यता आहे. शक्यता पुष्कळ असतात. रेड कार्डाची बॅटरी असते, केबल असते. तुम्ही मशीन न बघता निदान करताय आणि मला नवसाचं नाव ठेवताय, यातली गंमत तुमच्या लक्षात आली नसावी.

रिलीज नोट्स वाचायला हव्या होत्या. मान्य. कोण वाचतं?

अपडेटबद्दल. सर्व्हर संस्थेच्या आतल्या नेटवर्कवर आहे, बाहेरून कुणी त्याच्यापर्यंत पोचत नाही, मध्ये फायरवॉल आहे. ज्या संस्थेत गेल्या वर्षीपर्यंत सगळा हिशेब एका टॉवर पीसीवर आणि बॅकअप अध्यक्षांच्या पिशवीतल्या पेनड्राइव्हवर होता, तिथे तुम्ही मला सुरक्षेचे धडे देताय. प्रॉक्समॉक्सचा वेब पडदासुद्धा ८००६ या पोर्टवर फक्त माझ्या एका लॅपटॉपवरून उघडतो. यावर आणखी काही म्हणायचं असेल तर संस्थेत येऊन म्हणा, चहा मी पाजतो.

लेखाच्या शेवटी मी लिहिलं होतं की ‘नवी आवृत्ती कच्ची असते, एक पाऊल मागे राहावं’. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे ते तुम्हालाही पटलं असावं. तुमच्याखाली आणखी दोघांनी ‘कर्नल पॅनिक यांच्याशी सहमत’ असं लिहिलंय. एकाने हसणारा चेहरा टाकलाय. त्यांनीही आपापल्या घरचे रॅक सर्व्हर एकदा रात्री पावणेदोनला बंद-चालू करून बघावेत.

राहिला एक प्रश्न. येत्या रविवारी मला तसंही संस्थेत जायचं आहे, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या आहेत. तुमच्या प्रतिक्रियेशी त्याचा काही संबंध नाही, बॅटऱ्या महिन्यापूर्वीच मागवल्या होत्या. वेळ उरला तर अपडेट घेऊन बघेन, जुना कर्नल न काढता. मॉनिटर या वेळी घरून नेतोय. ग्रबमध्ये ई दाबायचा, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ते लिहायचं आणि कंट्रोल-एक्स, इथपर्यंत मला येतं. पण तुम्ही ‘इंटेल आयओएमएमयू ऑफ’ असं सगळं देवनागरीत लिहिलंय. इंटेल आणि आयओएमएमयू यांच्या मध्ये अंडरस्कोअर आहे की आडवी रेघ? शोधलं तर सापडेल, पण विषय तुम्ही काढलाय तर तेवढं शनिवारपर्यंत कळवा.