खाजन शेताचा फोटो काढताना मानशीकडंही बघा

चोडण, दिवाडी, सांत इस्तेव्ह, आगशी, कुडतरी. पावसाळ्यात गोव्यातल्या या गावांच्या हिरव्यागार शेतांचे फोटो रोज इथं दिसतात. पण भरतीच्या वेळी नदीचं पाणी त्या शेतांपेक्षा उंच असतं, हे फोटोत दिसत नाही. मधे असतो एक मातीचा बांध आणि त्यातली मानस, म्हणजे पाणी अडवणारं-सोडणारं दार.

गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन आहे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी गावकरीनं, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेनं, ती खाऱ्या पाण्यातून बाहेर काढली. मानशीला ना मोटर, ना चाक. जांभ्या दगडाची चौकट आणि लाकडी झडपा. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, झडप मिटते. ओहोटीला आतलं पाणी दाबतं, झडप उघडते. दिवसातून दोनदा, आपोआप. आत मानशीजवळ पोंय, म्हणजे तळं, असते. शेतातलं पावसाचं पाणी तिथं जमतं आणि नदी उतरली की बाहेर पडतं. जूनच्या पावसानं मीठ धुतलं गेलं की मोड आलेलं कोरगुटाचं बी फेकायचं. हे भात थोडा खारटपणा सोसतं, पण मानस उघडी राहिली तर तेही जळतं. मग पुढचे दोन-तीन पावसाळे त्या शेताचे नाहीत.

आता मुद्दा. मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि खाजनं बुडण्याचं मोठं कारण तिथंच आहे असं माझं ठाम मत आहे. भरतीत झडप अडवून ठेवली की पाण्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आत येतात, ओहोटीला जाळ्यात सापडतात. भातापेक्षा त्यात पैसा जास्त. कापणीनंतर खारं पाणी घेतलं तर एक वेळ चालेल, उभ्या पिकात नाही. आणि पाणी जोरात आत-बाहेर झालं की मानशीच्या पायथ्याची माती खरवडून जाते. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. पावणीचे पैसे आधी बांधाला लागले पाहिजेत, वाटणी नंतर.

डागडुजीतही चूक होते. बांधाला लागूनच यंत्रानं चिखल उपसला की पायथ्याशी खड्डा पडतो आणि पुढच्या उधाणाला बांध त्यात घसरतो. चिखल लांबून आणा, त्यात पेंढा घाला, थरावर थर तुडवून बसवा. काँक्रीटची भिंत मऊ चिखलावर एकसारखी बसत नाही, तडकते. चिकणमाती ओली झाली की फुगते आणि बारीक भेगा स्वतःच बुजवते. खेकड्यांची बिळं मात्र दिसली त्या दिवशीच बुजवायची. बाहेरची कांदळं (खारफुटी) लाटेचा जोर मोडतात, ती हवीतच. पण पडीक शेतात एकदा ती वाढली की तोडायला कायद्याची मनाई, म्हणजे शेत गेलंच.

मे महिन्यातल्या अमावास्येला, भर भरतीत, मानशीच्या आतल्या बाजूला उभे राहून बघा. फळ्यांच्या कडेनं पाणी येत असेल तर चौकटीवर कालवं चिकटलेली असतील, एखादी फांदी अडकली असेल किंवा फळी किड्यांनी खाल्ली असेल. कालवं तासून काढायला एक ओहोटी पुरते. फळी बदलायची तर सुतार आत्ताच बोलवा, पाऊस जवळ आलेला असतो.