बेनेडिक्टच्या नावावर खपवलं जाणारं 8-8-8

एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. त्याचा सारांश असा: सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टनं आपल्या मठातल्या साधूंना 8 तास प्रार्थना, 8 तास काम, 8 तास झोप हे सूत्र दिलं. ‘ओरा एत लाबोरा’, म्हणजे ‘प्रार्थना करा आणि काम करा’, हे त्याचं ब्रीद. साधू पहाटे 4 ला उठत, एकदाच जेवत, आयुष्यभर मौन पाळत आणि दुपारच्या आळसावर त्यांच्याकडे हमखास उपाय होता. शेवटी आवाहन: 21 दिवस हे पाळा, एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा, कामाचा उरक दुप्पट होईल.

बेनेडिक्टची नियमावली काही गुप्त पोथी नाही. साधारण 530-540 च्या सुमारास इटलीत मोंते कासिनोला लिहिलेली प्रस्तावना आणि 73 छोटी प्रकरणं, एका दुपारी वाचून होतील एवढीच. मजकूर लिहिणाऱ्यानं तेवढीही तसदी घेतलेली दिसत नाही.

‘8-8-8 हे बेनेडिक्टचं सूत्र.’ नाही. हे सूत्र रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश गिरणीमालकाचं. 1817 मध्ये त्यानं कामगारांसाठी 8 तास काम, 8 तास करमणूक आणि 8 तास विश्रांती अशी मागणी मांडली. करमणूक खोडून तिथं प्रार्थना बसवली की झाला बेनेडिक्ट!

मुळात त्या मठात ठरावीक लांबीचा तासच नव्हता. रोमन पद्धतीत सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे 12 भाग पाडत. त्यामुळे मोंते कासिनोला ऐन उन्हाळ्यात एक ‘तास’ आपल्या सुमारे 75 मिनिटांचा भरतो, तर हिवाळ्यात जेमतेम 46 मिनिटांचा. 48 व्या प्रकरणातलं वेळापत्रक वर्षातून तीनदा बदलतं. ईस्टर (मार्च-एप्रिल) ते 1 ऑक्टोबर या काळात सकाळी चौथ्या तासापर्यंत श्रम, मग सहाव्यापर्यंत वाचन, जेवण झाल्यावर पडून विश्रांती आणि त्यानंतर संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत पुन्हा श्रम. 1 ऑक्टोबरपासून सकाळी आधी वाचन, मग नवव्या तासापर्यंत श्रम. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या सुमारे 40 दिवसांत, तिसऱ्या तासापर्यंत वाचन आणि दहाव्यापर्यंत श्रम. आपल्या घड्याळात मांडलं तर श्रम 5 ते 7 तासांच्या आसपास येतात, वाचन 2 ते 4 तास आणि सामुदायिक प्रार्थना ढोबळमानानं 4 तास. आठाचा आकडा बसतो तो फार तर झोपेत.

‘ओरा एत लाबोरा हे त्याचं ब्रीद.’ हे शब्द नियमावलीत कुठंच नाहीत. बेनेडिक्टाइन, म्हणजे बेनेडिक्टची नियमावली पाळणाऱ्या साधूंचं, ब्रीद म्हणून ते रूढ झाले एकोणिसाव्या शतकात. एवढ्यावर कुणी भांडत बसणार नाही, पण या ब्रीदातून एक मोठी गोष्ट गळते आणि ती म्हणजे वाचन. नियमावलीत दिवसाचे पाय तीन आहेत: बायबलमधल्या स्तोत्रांची प्रार्थना, श्रम आणि ‘लेक्तिओ दिविना’, म्हणजे बायबलचं सावकाश, मनात मुरवत केलेलं वाचन. उपवासकाळात प्रत्येकाला एक पुस्तक मिळे आणि ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावं लागे. वाचनाच्या वेळी एकदोन ज्येष्ठ बंधू मठात फेरी मारून कुणी गप्पा तर छाटत नाही ना, हे पाहत.

हे वाचन मुकाट्यानं होत नसे. ओठ हलत, पुटपुटणं चाले. म्हणूनच दुपारी ज्याला झोपायचं नाही त्यानं खुशाल वाचावं, पण इतरांची झोपमोड होणार नाही असं, ही सूचना नियमावलीत स्वतंत्रपणे दिली आहे.

वाचन, चिंतन, प्रार्थना आणि ध्यान या चार पायऱ्याही लोक बेनेडिक्टच्या नावावर घालतात. त्या मांडल्या बाराव्या शतकात ग्विगो दुसरा या कार्थुसियन, म्हणजे एकांतवासी साधूंच्या संघातल्या, मठाधिपतीनं. वाचन घास तोंडात घालतं, चिंतन तो चावतं, प्रार्थनेत चव उतरते आणि ध्यान म्हणजे ती गोडीच, असं तो सांगतो. आज घरी करायचं असेल तर 20 मिनिटं आणि बायबलमधल्या 8-10 ओव्या पुरतात. ओठ हलवत दोनदा वाचा. जो शब्द अडकवतो तिथं थांबा, तोच घोळवा, त्यावर जे मनात येईल ते देवाशी बोला आणि उरलेली मिनिटं गप्प बसा. हे बिघडतं ते बहुतेक दोन कारणांनी. एक, माणूस टीपा आणि संदर्भ उघडतो आणि त्याचा अभ्यासवर्ग होतो. दुसरं, अडकवणारा शब्द लगेच सापडला नाही की पुढचा अध्याय सुरू होतो आणि मग ते पारायण होतं. पारायणाला स्वतःची जागा आहे, पण ते हे नव्हे. मोबाइलवर वाचू नये, याचं कारण वेगळं सांगायला नको.

‘पहाटे 4 ला उठत, एकदाच जेवत.’ हिवाळ्यात ते रात्रीच्या आठव्या तासाला उठत, म्हणजे साधारण 2 च्या सुमारास. मात्र झोपत अंधार पडल्यावर लगेच. मध्यरात्र उलटून थोडी जास्तच झोप व्हावी आणि जेवण पचून मगच उठावं, असं आठवं प्रकरण कारणासह सांगतं. उन्हाळ्यात रात्र आखूड होते. तेव्हा बेनेडिक्ट झोप कापत नाही, प्रार्थना कापतो. रात्रीची तीन दीर्घ वाचनं काढून एकच छोटं, तेही तोंडपाठ. 12 स्तोत्रं मात्र कायम. रात्री 12 पर्यंत जागून 4 चा गजर लावणाऱ्यानं त्याचं नाव घेऊ नये.

जेवणाबद्दल अर्धसत्य आहे. 14 सप्टेंबरच्या आसपासपासून ईस्टरपर्यंत एकच जेवण, पण ईस्टर ते पेन्टेकॉस्ट (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) रोज दोन. पुढं उन्हाळ्यात शेतीची कामं आणि ऊन जास्त असेल, तर बुधवार-शुक्रवारच्या उपवासालाही सूट. रोज दोन शिजवलेले पदार्थ, म्हणजे एक न मानवणाऱ्याला दुसरा खाता येईल. फळं किंवा ताजी भाजी मिळाली तर तिसरा. एक पौंड पाव आणि एक हेमिना, म्हणजे साधारण पाव लिटर, वाइन. वाइन साधूंसाठी नाहीच असं आम्ही वाचतो, पण हल्लीच्या साधूंना ते पटवता येत नाही, तेव्हा निदान बेताची प्यावी, असं तो लिहितो. नियम करणारा माणूस इतका व्यवहारी क्वचितच भेटतो.

‘आयुष्यभर मौन.’ बेनेडिक्टाइन साधू तीन वचनं देतात: एकाच मठात टिकून राहणं, जीवनपरिवर्तन आणि आज्ञापालन. मौनाचं वचन त्यात नाही. नियमावली मागते ती बोलण्यातली काटकसर. कडक मौन रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर. जेवताना एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि हवं ते खुणेनं मागतात. घरात यातलं काही आणायचं तर रात्रीचा तुकडा सर्वांत सोपा: ठरलेल्या वेळेनंतर नवा विषय काढायचा नाही, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

‘दुपारच्या आळसावर उपाय.’ हा विषय बेनेडिक्टच्याही आधीचा. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या साधूनं ‘अकेदिया’चं वर्णन केलं आहे. हा दुपारचा राक्षस चौथ्या ते आठव्या तासात, म्हणजे साधारण 10 ते 2 मध्ये येतो. सूर्य हलतच नाही, दिवस 50 तासांचा वाटतो. साधू सारखा खिडकीकडे पाहतो, बाहेर येऊन जेवणाला किती वेळ आहे ते बघतो, कुणी बंधू भेटायला येतोय का याचा अदमास घेतो. मग त्याला जागेचा आणि हातातल्या कामाचा वीट येतो. दुसरीकडे गेलो तर सगळं सोपं होईल, असं वाटू लागतं.

याला आळस म्हणणं म्हणजे अर्धं निदान. अकेदिया माणसाला झोपवते तशीच पळवतेही. चार नवी कामं अंगावर घेणारा, दर महिन्याला नवी दिनचर्या सुरू करणारा माणूसही तिच्याच तावडीत असू शकतो, आणि त्याला ‘उरक दुप्पट’ करण्याचा सल्ला म्हणजे आगीत तेल. इव्हाग्रियसचा उपाय आहे जागा न सोडणं. तो सांगतो, स्वतःचे दोन भाग करा आणि एकानं दुसऱ्याची समजूत घालावी, 42 व्या स्तोत्राच्या शब्दांत: हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? व्यवहारात, उठावंसं वाटलं की हातातला छोटा तुकडा, एक पान किंवा एक भांडं, पुरा करून मगच उठायचं. आठवडेच्या आठवडे उदासी हटत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर तो डॉक्टरांचा प्रांत आहे, अकेदियाचा नाही.

‘उरक दुप्पट.’ इथं मजकूर नियमावलीच्या थेट उलट जातो. प्रार्थनेची घंटा ऐकू आली की हातातलं काम अर्धवट टाकून निघायचं, असं 43 वं प्रकरण सांगतं. 57 वं त्याहून कडक: एखादा कारागीर आपल्या कसबामुळं मठाला फायदा होतो म्हणून फुगू लागला, तर त्याला त्या कामावरून काढावं. माल विकताना बाहेरच्यांपेक्षा थोडा स्वस्त द्यावा. उपवासकाळात कुणाला जास्तीचं काही सोडायचं असेल, तर मठाधिपतीला विचारून. न विचारता केलेली तपश्चर्या पुण्यात नाही, अहंकारात धरली जाते. स्वतःच तक्ता आखून स्वतःच टिकमार्क करणाऱ्याला हे पचणं अवघड.

मठाबाहेरच्या माणसानं मठातल्या दिवसाच्या सात आणि रात्रीची एक अशा सगळ्या प्रार्थनावेळा धरायला जाऊ नये. मठात उठवणारा असतो, स्वयंपाकाच्या पाळ्या असतात, लहान मूल रडत नसतं. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पुरे. बेनेडिक्ट आठवड्यात दीडशे स्तोत्रं संपवायला सांगतो, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं, प्रार्थनापुस्तक तीच 30 दिवसांत सकाळ-संध्याकाळ विभागून देतं. ते झेपतं. कामासाठी दूर गेलेल्यांनी जिथं असाल तिथंच वेळ पाळावी, अशी सोय 50 व्या प्रकरणात आहेच.

राहिले ते 21 दिवस. मठात येणाऱ्याला आधी चारपाच दिवस दारातच ताटकळत ठेवत. मग 2 महिन्यांनी, पुढं 6 महिन्यांनी आणि पुढं 4 महिन्यांनी पूर्ण नियमावली वाचून दाखवत, आणि दर वेळी जायचं तर जा, अशी मोकळीक असे. चुकला की पुन्हा पहिल्यापासून, हेही तिथं नाही. रात्रीच्या प्रार्थनेत सुरुवातीचं 95 वं स्तोत्र मुद्दाम रेंगाळत म्हणायचं, म्हणजे उशिरा उठलेल्यांना गाठता येईल. तरीही उशीर झाला तर सर्वांत शेवटी उभं राहायचं, पण आतच. बाहेर ठेवलं तर हा परत जाऊन झोपेल, नाहीतर कुणाशी तरी गप्पा मारत बसेल, असं कारण बेनेडिक्टनंच दिलं आहे.