आग्र्याचा रस्ता, कुर्ल्याचा मुहूर्त

बायकोच्या भाचीचं लग्न कुर्ल्याला, मुहूर्त १२ वाजून ३४ मिनिटांचा, आणि आम्ही मुलुंड पश्चिमेला. "लोकलने जाऊ," असं मी सुचवून पाहिलं. "पैठणी नेसून?" एवढंच उत्तर आलं. रिक्षा केली आणि एलबीएसला लागलो.

लाल बहादूर शास्त्री मार्ग शीवहून निघतो आणि कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड करत ठाण्यात शिरतो. आम्ही उलटे निघालो होतो, म्हणजे डाव्या हाताला मध्य रेल्वेचे रूळ, उजवीकडे डोंगर. रूळ ओलांडून द्रुतगती महामार्ग गाठायला पूल मोजकेच. त्यामुळे पश्चिमेच्या समस्त जनतेला कचेरी, दवाखाना, भाजी आणि लग्न यासाठी हाच रस्ता. त्यात मधोमध वडाळा-कासारवडवली मेट्रोचे खांब.

मुहूर्त गाठायला निघालेला माणूस पहिल्यांदा अडकावा तो सोनापूरच्या सिग्नलला, आणि सोनापूर म्हणजे मुंबईच्या बोलीत स्मशान, हे काही शुभलक्षण नव्हे. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. मीटर मात्र निष्ठेने चालू होता.

"काका, टेन्शन घेऊ नका. गांधीनगरच्या पुढे मोकळा असेल," तो म्हणाला. पवईकडचा सगळा लोंढा गांधीनगरलाच येऊन मिळतो, हे त्यालाही ठाऊक होतं. पण चांगला माणूस होता.

माझे वडील या रस्त्याला शेवटपर्यंत आग्रा रोडच म्हणत. म्हणायला हरकत नव्हती. ठाणे, भिवंडी, नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर करत थेट आग्र्याला पोचणारा, १,१०० किलोमीटरांहून लांब असा हा रस्ता. शीव आणि कुर्ल्याच्या मधे तेव्हा खाडी होती. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात, १८०५ च्या सुमारास, तिथे बांध घालून वाट झाली. त्याआधी लोक होडीने जात. कांजूरला तिसऱ्यांदा इंजिन बंद झालं तेव्हा मला त्या होडीवाल्यांचा हेवा वाटला.

पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने आले, नंतर त्यातले बरेचसे गेले. मॉल आणि टॉवर आले. बसथांबे मात्र जुन्या मालकांना धरून आहेत. कुर्ल्याला आजही लोक 'कमानी'ला उतरतात. तिथेच प्रीमियरच्या कारखान्यात फियाट आणि मग पद्मिनी तयार होत. नोंदणी करून लोक वर्षानुवर्षं गाडीची वाट पाहत, ते उत्पादन कमी म्हणून, असं सांगतात. माझा संशय वेगळा आहे. गाड्या वेळेवर तयार होत असणार, फाटकातून एलबीएसवर आल्या की अडकत असणार.

१२ वाजून २० मिनिटांनी आम्ही घाटकोपरला, श्रेयसच्या सिग्नलला. बायको माझ्याशी बोलायची थांबली होती. तेवढ्यात शेजारी फुलांनी मढवलेली गाडी येऊन ठाकली. आत मुंडावळ्या बांधलेला मुलगा घाम पुसत होता.

"अहो, हा आपलाच!" बायको ओरडली. वऱ्हाड ठाण्याचं होतं. मुहूर्ताची चिंता तिथेच मिटली.

तिने रिक्षातून अर्धं अंग बाहेर काढून काच वाजवली. "जावईबापू, सकाळपासून काही खाल्लंत का?"

जावईबापूंनी मुंडावळ्यांसकट नकारार्थी मान हलवली. तिने पर्समधून डबा काढला आणि बेसनाचे दोन लाडू काचेतून आत सरकवले. सिग्नल हिरवा झाला. मागचे सगळे हॉर्न एकदम वाजले.

"थांबा हो जरा!" बायको मागे वळून कडाडली. "मुलगा खातोय!"