घरात पेटी असताना पियानो कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत की आभाराच्या दोन ओळींत उरकणं बरं दिसणार नाही. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांची सात वर्षांची नात पियानो शिकायचं म्हणते आहे. मागच्या लेखात मी 88 पट्ट्यांचा, वजनदार म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो सुचवला होता. काकांचं म्हणणं असं: चाळीस हजार म्हणजे पगारदार घराला चेष्टा नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरात वडिलांच्या वेळची उत्तम पेटी आहे, आधी तिच्यावर बोटं बसू द्यावीत. फारच झालं तर पाच-सहा हजारांचा कीबोर्ड आणावा आणि गोडी टिकली तर पुढचं बघावं. असा नवा कीबोर्ड बरा की यामाहाचा जुना पी-45 हा डिजिटल पियानो, हेही त्यांनी विचारलंय. शिवाय गायक फैयाज खाँसाहेबांच्या बडोद्यात हे पियानोचं खूळ आलं कुठून?

पैशांचं म्हणणं मला पूर्ण पटतं, त्याकडे येतेच. पण पेटीचं नाही पटत.

पेटीची पट्टी दाबली की हवेची वाट उघडते आणि रीड, म्हणजे आतली धातूची पातळ जिभली, वाजते. पट्टी हळू दाबा किंवा जोरात आपटा, भाता तसाच चालू असेल तर आवाज तेवढाच राहणार. लहानमोठा आवाज काढणं हे भात्याचं, म्हणजे डाव्या हाताचं काम. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर जाऊन आदळते, आणि ती किती वेगाने आदळेल हे बोटाच्या वेगावर ठरतं. इटलीत क्रिस्टोफोरीने 1700 च्या सुमारास हे वाद्य बनवलं ते याचसाठी. पियानो शिकणं म्हणजे मुख्यतः हा वेग बोटात आणणं. पेटीवरून माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा कान तयार असतो, सूर चुकला की त्यांना लगेच कळतं, आणि ही मोठीच शिदोरी आहे. पण त्यांची बोटं सपाट पडतात, प्रत्येक सूर एकाच वजनाचा येतो आणि डावा हात रिकामा असतो. पियानोत डाव्या हाताला जवळजवळ पहिल्या धड्यापासून काम असतं.

आता स्वस्त कीबोर्ड. डिजिटल वाद्यात बहुधा प्रत्येक पट्टीखाली दोन सेन्सर असतात. पट्टी खाली जाताना पहिला लागतो, मग दुसरा. या दोन्हींमध्ये किती वेळ गेला त्यावरून वाद्य बोटाचा वेग मोजतं आणि आवाज तेवढा लहान किंवा मोठा करतं. अगदी स्वस्त कीबोर्डमध्ये ही मोजणीच नसते. यामाहाचा पीएसआर-एफ52 किंवा कॅसिओचा सीटी-एस100 यांवर कसंही वाजवा, आवाज एकसारखाच येतो. आता तुमच्या नातीला शिक्षक म्हणतात, "ही ओळ हळू आवाजात वाजव." ती जीव लावून हळू वाजवते आणि काहीच बदलत नाही. सात वर्षांच्या मुलीला वाद्यात खोट आहे हे कळत नाही. आपल्यालाच जमत नाही, असं ती धरून चालते. "गोडी टिकली तर बघू" या वाक्यावर मी इतकी अडून बसते ती यामुळेच. गोडी टिकायला वाद्याने तिला उत्तर द्यायला हवं.

विश्वास ठेवण्यापेक्षा दुकानात स्वतः बघा. नातीला सोबत न्या. एक पट्टी आधी अगदी हळू दाबायला सांगा, मग झटक्याने. चांगल्या डिजिटल पियानोवर पहिल्या वेळी आवाज जेमतेम येईल, फारच हळू दाबली तर येणारही नाही, आणि दुसऱ्या वेळी खणखणीत येईल. मग डावीकडची जाड सुरांची पट्टी आणि उजवीकडची बारीक सुरांची पट्टी आळीपाळीने दाबायला सांगा. खऱ्या पियानोत जाड सुरांच्या हातोड्या जड असतात, म्हणून बहुतेक चांगल्या डिजिटल पियानोतही डावीकडे पट्ट्या किंचित जड ठेवतात. मुलांना हा फरक न सांगता कळतो.

आता पैसे. बचत जरूर करा, फक्त पट्ट्यांवर करू नका. शेकडो आवाज, ताल, चमकणारे दिवे यांचा नव्या मुलाला काडीचा उपयोग नाही. लाकडी स्टँडही नको, घडीचा लोखंडी चालतो. यामाहा पी-145, कॅसिओ सीडीपी-एस110, रोलँड एफपी-10 ही साधी वाद्यं पुरतात, आजची किंमत दुकानात विचारून घ्या. तिन्हींपैकी रोलँडच्या पट्ट्या मला सर्वांत आवडतात. त्यात तिसरा सेन्सर असल्याने पट्टी पूर्ण वर न येताही सूर पुन्हा वाजतो. तरी पहिली काही वर्षं तिघांपैकी कुठलंही चालेल.

एवढे पैसे एकदम काढणं जमत नसेल तर जुनं वाद्य बघा. आपल्याकडे रिफायनरीतली, कंपन्यांतली कुटुंबं बदलीवर जातात तेव्हा वाद्यं निघतात. यामाहाचा पी-45 हे मॉडेल 2015 पासूनचं, ते जुन्यात बऱ्यापैकी मिळतं. घेताना डावीकडून उजवीकडे सगळ्या 88 पट्ट्या एकाच जोराने वाजवा. मधलीच एखादी पट्टी शेजारणींपेक्षा एकदम मोठी किंवा मुकी वाजली तर तिच्याखालचं रबर झिजलंय किंवा धूळ बसलीय. हे दुरुस्त होतं, पण तो खर्च किमतीतून कमी करून घ्या. पट्ट्या आडव्या डुगडुगतात का तेही बघा, आणि हेडफोन लावून दोन्ही कानांत आवाज येतो ना याची खात्री करा.

तेही शक्य नसेल तर बोटाचा जोर ओळखणारा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड घ्या, उदाहरणार्थ कॅसिओ सीटी-एस300 किंवा यामाहा पीएसआर-ई373. सुरुवातीचे धडे मधल्या तीन-चार सप्तकांतच असतात, पट्ट्यांची संख्या तेव्हा आड येत नाही. मात्र पट्ट्या हलक्या असल्याने बोटांत ताकद येत नाही, आणि वर्ष-दीड वर्षात बदल करावा लागेल हे धरून चाला. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे विषयच वेगळे आहेत. फॉर्म भरण्याआधी शिक्षकांशी बोलून घ्या.

वाद्यापेक्षाही बसण्याकडे घरोघरी दुर्लक्ष होतं. कोपर पट्ट्यांच्या उंचीला यायला हवं, म्हणून खुर्चीवर उशी नको, घट्ट बैठक हवी. पाय लोंबकळत असतील तर खाली जेवणाचा पाट ठेवा. पाय टेकले की पाठ आपोआप सरळ होते. सोबत येणारं चौकोनी पेडल फरशीवर सरकतं, त्याखाली रबरी पायपुसणं घाला.

राहिला बडोद्याचा प्रश्न. संगीतकार मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1886 मध्ये इथे गायनशाळा काढली. सुरसागराकाठचं आजचं विद्यापीठाचं संगीत महाविद्यालय हा तिचाच विस्तार. त्याच मौलाबक्षांच्या मुलाला महाराजांनी पाश्चात्य संगीत शिकायला लंडनला पाठवलं होतं. आणि पेटीचा मूळ अवतारही पॅरिसचाच. 1840 च्या दशकात दबॅं नावाच्या कारागिराने त्याचं पेटंट घेतलं. आपल्या गावाने दोन्ही दारं उघडी ठेवली, त्याचा मला अभिमान वाटतो.

नात गाणं शिकायचं म्हणाली असती तर मीच तुम्हाला पेटी पुसून द्या म्हटलं असतं. तरीही पेटी बंद करू नका. रोज थोडा वेळ तुमच्यासोबत तिला सा धरून गायला बसवा, पियानोच्या शिक्षकांना त्याचा फायदाच होईल. तुम्ही विचारलेल्या दोन पर्यायांपैकी, म्हणजे नवा साधा कीबोर्ड की जुना पी-45, माझं मत जुन्या पी-45 ला. ठरवण्याआधी वरची पट्ट्यांची तपासणी मात्र तुमच्या नातीच्या हातून करून घ्या.