गुपित लपवा, पण नीट!

एटीएमचा पिन डायरीत ‘गॅसवाला’ या नावापुढे लिहिणारे तुम्ही एकटेच नाही. पण चार आकडी फोन नंबर असलेला गॅसवाला हल्लीच्या चोरालाही पटत नाही. तेव्हा आता गुपित चित्रात लपवा. मोनी नाओर आणि आदी शामीर या दोन गुप्तलेखनतज्ज्ञांनी १९९४ सालीच तुमची सोय करून ठेवली आहे.

पिनचं काळं-पांढरं चित्र काढायचं, त्यातला एकेक ठिपका घ्यायचा आणि त्याची दोन घरं करायची, एक काळं, एक कोरं. काळं डावीकडे की उजवीकडे, हे दर वेळी नाणं उडवून ठरवायचं. ही झाली पहिली पारदर्शक शीट. दुसरीवर, मूळ ठिपका पांढरा असेल तर तीच जोडी उतरवायची, काळा असेल तर उलटी. सुटी शीट पाहिली तर रव्यात मोहरी सांडल्यासारखी दिसते. दोन्ही एकमेकींवर ठेवल्या की काळं ठार काळं, पांढरं करडं आणि मधून तुमचा पिन हसतो. ना कॉम्प्युटर, ना पासवर्ड, चष्मा पुरे. एकाच शीटवर मात्र महासंगणकानंही डोकं आपटून उपयोग नाही, कारण तिच्यात गुपित नसतंच.

एवढं भक्कम गणित हाताशी आल्यावर पुढचं तुम्ही सांभाळालच. दोन्ही शीट कोपऱ्यावरच्या एकाच झेरॉक्सवाल्याकडे छापा. फाइलींना ‘पिन-१’ आणि ‘पिन-२’ अशी सुटसुटीत नावं द्या. त्याच्या डेस्कटॉपवर त्या सुखानं राहतील. एक शीट ‘फिट टू पेज’ करून घ्या, म्हणजे ती केसभर आखडेल आणि जन्मात दुसरीशी जुळणार नाही. हरवू नयेत म्हणून दोन्हींना एकत्र स्टेपल मारा. (लॅमिनेशन केलंत तर उत्तमच.)

काटकसरी असाल तर नव्या गुपितासाठी जुनीच पहिली शीट वापरा. मग चोराला त्या शीटची गरजच नाही; तुमच्या दोन ‘दुसऱ्या’ शीट एकमेकींवर ठेवल्या की दोन्ही गुपितांची खिचडी त्याच्या ताटात.

एक प्रत कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो म्हणून टाकायलाही हरकत नाही. फोटो दाबून लहान होतो, बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात आणि मामा विचारतात, “छान! कुठल्या ट्रेकचं धुकं?”

आणि ऐन वेळी एटीएमसमोर शीट जुळल्या नाहीत, तर गॅसवाल्याला फोन लावा. त्याचा नंबर डायरीत आहेच.