पूल ओलांडून पूल खेळायला जाताना

मागच्या मे महिन्यात चौकात बॅनर लागलं, 'भव्य स्पीड पूल स्पर्धा, प्रवेश फी 101 रुपये', आणि पानठेल्यावरच्या मंडळींना वाटलं, नाल्यावरच्या पुलाचं काम एकदाचं सुटलं. त्या पुलाचे दोन खांब गेल्या दोन निवडणुकांपासून एकमेकांची तोंडं पाहत उभे आहेत. "पन पुलासाठी आपल्याले काहून पैसे मागून रायले बे?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "वर्गणी असन." हसू नका. टेबलावर काठीने बॉल मारायच्या या खेळात पूल म्हणजे मुळात वर्गणीच. सगळ्यांनी मिळून टाकलेली पैज, जिंकेल त्याची. पानठेल्यावर शब्दकोश नसतो, पण अंदाज बरोबर निघतात.

तर यंदा तुम्हीही उतरणार असं कानावर आलं. चांगलं केलंत. आजवर क्यू, म्हणजे ती काठी, हातात धरला नाही म्हणून लाजू नका, आमच्याकडे यालाच पात्रता म्हणतात. आणि आपल्यासारख्यांना घाई करायला मिळते तरी कुठे? पीककर्जाच्या रांगेत अख्खी दुपार जाते, तलाठ्याच्या दारात आठवडे जातात, पावसाची वाट पाहण्यात जून जातो. आयुष्यात एकदा तरी सेकंदांवर जगावं असं वाटतं ना, ती सोय बारवाल्याने केली आहे. पंधरा बॉल, सहा होल, एक घड्याळ. सगळे बॉल आधी आत घालेल त्याला कूलर. दुसऱ्या नंबरला त्याच मापाच्या वाळ्याच्या ताट्या. त्या कशाला लावायच्या हे दुसऱ्या नंबरने पाहावं.

जागा सापडायला कठीण नाही. वर्धा नदीच्या अलीकडे, म्हणजे ओल्या बाजूला. पलीकडचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या पुण्याईने दारूबंदीतला, त्यामुळे संध्याकाळी नदीच्या पुलावर सगळी वर्दळ इकडेच येते. रात्री तीच वर्दळ परत जाते, जरा रुंद होऊन. हायवेवरून मात्र बार दिसायचा नाही. 2017 साली हायवेपासून 500 मीटरचा, लहान गावांना 220 मीटरचा, सर्वोच्च न्यायालयाचा नियम लागू झाला तेव्हा मालकाने पुढचं दार विटांनी बुजवलं आणि मागून, शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, दोन वळसे घेत वाट काढली. टेप त्या वाटेने नेला तेव्हा कुठे आकडा बसला. जाताना बॅटरी घ्या. मे महिन्यात धुऱ्यावर विंचू असतात आणि त्यांना नियम लागू नाहीत.

या नव्या वाटेत मागचं सरकीचं गोदाम आलं. ते रिकामंच होतं. तिथे काय करावं याचा मालकाने वर्षभर विचार केला आणि नागपूरच्या एका बंद पडलेल्या क्लबातून टेबल उचलून आणलं. टेबलाच्या हिरव्या कापडाखाली दगडाची जाड पाटी असते हे मेटॅडोरमधून उतरवताना समजलं. बारा जण लागले. त्या बारांना त्या रात्री सगळं फुकट होतं, आणि बसवायचं कामही त्यांनीच त्याच रात्री केलं. त्यामुळे टेबलाचा एक पाय आखूड पडला. त्याखाली पत्त्यांचा कॅट ठेवलाय. रमीवाल्यांना कॅट लागला की टेबल नदीकडे झुकतं. नदीकडच्या कोपऱ्यातल्या होलाजवळ बॉल असेल तर त्याला मारू नका. रमीचा डाव सुरू व्हायची वाट पाहा.

आता सराव. तो करू नये. सरावाने माणसाला आपलं खरं बळ कळतं आणि मग 101 रुपये खिशातून निघत नाहीत. "कॅरम येते मले" एवढं भांडवल पुष्कळ झालं. आपल्याकडे गणपतीतल्या कॅरम स्पर्धेत सेमीफायनलला गेलेला माणूस पुढची तीस वर्षं कोणत्याही टेबलावरचा खेळ आपलाच समजतो. मागच्या वर्षी एका माजी सेमीफायनलिस्टने पहिल्या शॉटआधी खिशातून बोरिक पावडरची पुडी काढून कापडावर शिंपडली. लोकरीच्या कापडावर बॉल घरंगळतो, कॅरमच्या सोंगटीसारखा घसरत नाही, हे त्याला कोणी सांगायच्या आत टेबलावर हिवाळ्यातलं धुकं पडलं होतं. त्यातून बॉल शोधत त्याने नऊ मिनिटं काढली आणि शेवटी उकिडवा बसून टिचकीही मारून पाहिली. त्याला दंड झाला, पण टाळ्याही त्यालाच सगळ्यांत जास्त.

सरावाऐवजी माहिती जमवा. ती फुकट असते आणि तिसऱ्या पेगनंतर कामाला येते. सांगा, की पूलचा चुलतभाऊ स्नूकर जन्मला आपल्या शेजारी, जबलपुरात, 1875 साली. तेव्हा जबलपूर मध्य प्रांतात होतं आणि मध्य प्रांताची राजधानी नागपूर, म्हणजे खेळ घरचाच झाला. पावसाळ्यात मेसमध्ये अडकलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना वेळ घालवायचा होता. त्यांत नेव्हिल चेंबरलेन नावाचा एक तरुण होता. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो हा नव्हे, हेही सांगा, म्हणजे तुम्ही वाचलेलं आहे असं वाटेल. लष्करी शाळेतल्या कच्च्या पोरांना तेव्हा 'स्नूकर' म्हणत. कोणाचा तरी सोपा बॉल चुकला, चेंबरलेनने त्याला तेच नाव ठेवलं आणि ते खेळालाच चिकटलं, अशी हकीकत आहे. अख्ख्या खेळाला नवशिक्याचं नाव! तुमच्याआधी दीडशे वर्षं तुमची जागा राखून ठेवलेली आहे. पूल वेगळा आणि स्नूकर वेगळा, अशी शंका कोणी काढली तर त्याच्याकडे बिल सरकवा.

विक्रमाचा आकडाही पाठ असू द्या. 4 एप्रिल 1997 रोजी कॅनडातल्या विंडसर गावी डेव्ह पिअरसन नावाच्या इंग्रजाने पंधराच्या पंधरा बॉल 26.5 सेकंदांत आत घातले. आणि तेही बारमध्येच, त्यामुळे जागेला दोष देऊ नका. एका बॉलला पावणेदोन सेकंद पडतात. आपल्याकडे पावणेदोन सेकंदांत माणूस "आं?" एवढंच म्हणतो. त्याच महिन्यात शेफील्डला रॉनी ओ'सलिव्हनने स्नूकरचा 147 गुणांचा पूर्ण डाव साडेपाच मिनिटांच्या आत संपवला. तेव्हा 5 मिनिटे 20 सेकंद मोजले गेले, पुढे पुन्हा मोजल्यावर 5 मिनिटे 8 भरले. बारा सेकंद इतक्या वर्षांनी परत मिळाले! आमच्याकडे मोजणीत गेलेली अर्धा एकर परत मिळत नाही.

प्रत्यक्ष खेळाकडे वळू. क्यूच्या टोकाला निळा खडू घासतात. त्याला खडू म्हणतात, पण त्यात खडू नसतो. सिलिकासारखी खरखरीत भुकटी असते, टोक बॉलवरून घसरू नये म्हणून. तुम्ही तो भरपूर घासा, बोटांना लावा, जमलं तर कपाळालाही लागू द्या. त्याने वेळ कमी होत नाही, पण फोटो चांगला येतो.

मग डावा हात टेबलावर टेकवून बोटांचा जो आधार करायचा, ज्यावरून क्यू पुढेमागे सरकतो, त्याला इंग्रजीत ब्रिज म्हणतात. म्हणजे पुन्हा पूलच. पूल खेळायला आधी पूल बांधावा लागतो हे मला नाक टेबलावर आपटल्यावर समजलं. माझा पूल आमच्या नाल्यावरच्या पुलाच्याच ठेकेदाराने बांधल्यासारखा होता. उद्घाटनाला उभा आणि पहिल्या धक्क्याला आडवा.

आणि पहिला धक्का तुम्ही जिवाच्या आकांताने माराल, याची मला खात्री आहे. बघ्यांचीही तीच अपेक्षा असते. त्रिकोणात मांडलेले बॉल फुटल्याचा आवाज पार धुऱ्यापर्यंत गेला पाहिजे. क्यूने मारायचा तो पांढरा बॉल उडेल, शेजारच्या टेबलावरच्या फुटाण्यांत पडेल, तिथून फ्रीजखाली जाईल. तुम्ही पालथे पडून तो काढेपर्यंत घड्याळ चालूच राहील. तो होलात गेला असता तर निदान दहा सेकंदांच्या दंडावर सुटका होती.

इथे मी आवाज खाली करून एक खरी गोष्ट सांगतो, ऐकली नाही असं समजा. वेगाने टेबल साफ करणारे जोरात मारत नाहीत. बॉल होलात पडेल एवढाच जोर देतात, म्हणजे पांढरा फार लांब भटकत नाही. एक बॉल घरंगळत असतानाच त्यांचे पाय दुसऱ्याकडे निघालेले असतात, आणि टेबलाला ते कमीत कमी फेऱ्या मारतात. वेळ हाताने वाचत नाही, पायांनी वाचतो. मागच्या वर्षी कूलर नेला त्या पोराने हेच केलं. तो नागपुरात इंजिनीअरिंगला होता, आणि चार वर्षं कॉलेजसमोरच्या पूल पार्लरातच काढली म्हणतात. सहा विषय राहिले. पण 1 मिनिट 41 सेकंदांत टेबल साफ केलं आणि खुर्चीवर ठेवलेल्या सोड्याचे बुडबुडेही अजून निघत होते. त्याच्या बापाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान पाहिलं.

असो. तुम्ही फेऱ्या मारा. प्रदक्षिणेचं पुण्य वेगळं.

घड्याळ धरायला जे काका बसतात ते शंकरपटातले. तळेगाव दशासरच्या पटावर त्यांची नजर बसलेली, सेकंदाचे तुकडे करणारा माणूस. 2014 मध्ये कोर्टाने बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि 2021 च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली. मधली सात वर्षं काकांनी त्या घड्याळावर घरचा चहा मोजला. त्यांना पूलमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. क्यू हातात घेऊन तुम्ही उभे राहिलात की ते विचारतात, "कोनाची जोडी?" पांढऱ्याला टोक लागलं की ओरडतात, "सुटलीऽऽ!" मग भोवतीचे चाळीस जण एकदम धुरकरी होतात. "हळू घे, हळू घे... अबे मार नं! तो नाही, तो लाल! डावीकून ये!" सगळे हाकणारे असतात. बैल एकटे तुम्ही. फरक इतकाच की पटावरच्या बैलाला तुतारी टोचायला बंदी आहे, त्याची आधी डॉक्टरकडून तपासणी होते, आणि तो पिऊन येत नाही.

पिण्याचं विचाराल, तर हात स्थिर व्हायला एक, असं जाणकार सांगतात. दुसऱ्याने हिंमत येते. तिसऱ्यानंतर ते टेबल सपाट दिसायला लागतं, आणि सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं.

माझी वेळ विचारू नका. विचारलीच आहे तर सांगतो, 7 मिनिटे 12 सेकंद. काकांनी आकडा मोठ्याने वाचला, गोदामात क्षणभर शांतता झाली आणि मागून कोणीतरी म्हणालं, "सातबारा!" तेव्हापासून गावात मला दुसरं नाव नाही. त्यात 80 सेकंद पांढरा आठदा आत गेल्याचे आहेत. तो बोजा इतर हक्कांत दाखवतात. बँकेत गेलो तर शिपाईसुद्धा विचारतो, "बोजा उतरला का भाऊ?"

म्हणून हरल्यावरची तयारी घरूनच करून जा. क्यू वाकडा होता, हे सगळेच म्हणतात. ते टाळा. ट्यूबलाइट फडफडत होती हे खरं असल्यामुळे कोणाला पटत नाही. लाइट गेली म्हणाल तर नियम आहे, लाइट जाईल पण घड्याळ थांबणार नाही. मी रमीवाल्यांवर ढकललं, माझ्याच वेळी त्यांनी कॅट उचलला म्हणून. त्यांनी लगेच कबूल केलं, पण उलट विचारलं, "मंग सारे बॉल नदीकडं गेले असतीन, तुले तं सोपं झालं असन?" यावर उत्तर सापडलं तर मला कळवा.

घरी मात्र खरं बोला. रात्री साडेबाराला आईने विचारलं, "कुठं गेलता रे एवढ्या रातीपर्यंत?" मी म्हणालो, "पुलावर." नाकावर सूज होती, हात निळे होते, शर्टाला धूळ होती. तिला वाटलं, नाल्याचं काम लागलं. तिने मुकाट्याने हळद गरम करून आणली आणि विचारलं, "रोजी किती देतेत?"

यंदाची नावनोंदणी सुरू झाली आहे. काल मीही जाऊन आलो. वहीवाल्याने मान वर न करता माझ्या नावाच्या जागी 'सातबारा' लिहिलं. 101 रुपये दिले आणि पावती मागितली.

"उद्या या," म्हणाला.